नग दोन, मुक्काम नव्वद दिवस

नोकरीच्या काळात मी दोनशे अकरा अंदाजपत्रकं केली. त्यातलं एकही खरं नव्हतं आणि एकही फसलं नाही. दोनशे बारावं निवृत्तीनंतर केलं, वर्ल्ड कप पाहायला अमेरिकेला जाण्याचं. ते फसलं, आणि त्याची किंमत माझ्या मित्राला मोजावी लागली.

मी एका सरकारी कार्यालयात होतो. त्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचे शेकडो तलाव आहेत. ‘माजी मालगुजारी’चं सरकारने ‘मामा’ केलं, त्यामुळे कागदोपत्री ते सगळे मामा तलाव. या मामांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, खचतात, दारं गळतात, आणि त्यांच्या दुरुस्तीला किती खर्च येईल हे मी लिहायचो. पाळीवर शंभर ट्रॉली मुरूम लागणार असेल तर मी दोनशे लिहायचो. वरचे साहेब लाल पेनाने निम्मे काटायचे. तलावाला त्याचे शंभर मिळायचे, साहेबांना काटल्याचं समाधान मिळायचं, आणि माझी शिस्त राहायची. एकदा नव्याने आलेल्या एका सज्जन सहकाऱ्याने शंभरला शंभरच लिहिले. साहेबांनी सवयीने पन्नास केले. पुढच्या पावसात पाळ फुटली आणि सज्जनाची बदली झाली. सरळपणाविषयी माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

सवय अशी की ती घरीही आली. मला ताप शंभर असला तर मी एकशे दोन सांगतो. दिवाळीचे कपडे शिंप्याकडे टाकताना दिवाळी पंधरा दिवस अलीकडे आणतो. माझी बायको रुखमा माझं बोलणं ऐकूनच घेत नाही, त्यामुळे तिला काटायचा त्रास नाही. पण गुलाब ऐकून घेतो, आणि शेवटी दोनच शब्द म्हणतो, “काटून सांग.”

गुलाब मेश्राम लाखनीत चौतीस वर्षं पोस्टमन होता. आमची दोस्ती शाळेतली. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत आम्ही फुटबॉल खेळायचो. कापलेल्या धानाचे खुंट पायाला टोचायचे म्हणून बाकीचे उड्या मारत पळायचे. गुलाब गोलकीपर, तो त्या खुंटांवर सरळ आडवा पडायचा. मी फॉरवर्ड. मी किती गोल मारले ते सांगत नाही, कारण त्याने तेही निम्मे केले असते.

मागच्या नोव्हेंबरात मी त्याला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. शुगरने डोळ्यांचे पडदे खराब केले होते. डॉक्टरांनी लेझर केलं आणि म्हणाले, वर्ष, फार तर दीड वर्ष. त्याआधीही काही होऊ शकतं. परतीच्या बसमध्ये मौद्यापर्यंत रस्त्यावरच्या ट्रकांची मागची अक्षरं तो मोठ्याने वाचत होता. मग म्हणाला, डोळे जायच्या आधी एक गोष्ट पाहायची आहे. मला वाटलं ताजमहाल असेल, समुद्र असेल. समुद्रही त्याने पाहिला नव्हता.

“वर्ल्ड कप,” तो म्हणाला. “मैदानात बसून, गोलच्या मागं. टीव्हीवाले गोलकीपरले नेहमी समोरून दाखवते. त्याले मागून पाहायचं हाय. चेंडू येते तवा त्याले काय दिसते ते.”

आता अशा वेळी माणसाने मित्राच्या खांद्यावर हात ठेवावा. मी म्हणालो, “अंदाजपत्रक करतो.”

केलं. लांब कागद, रेघा मारून रकाने: अनुक्रमांक, बाब, नग, दर, रक्कम. बाब एक, पासपोर्ट, नग दोन. बाब दोन, व्हिसा, नग दोन. बाब तीन, मॅचचं तिकीट, गोलच्या मागे, नग दोन. टेक्सासातल्या एका शहरात ज्या दोन देशांची मॅच होती ते मला नकाशात शोधावे लागले, पण त्यामुळेच तिकीट परवडलं, आणि गोलच्या मागची जागा सगळ्यात स्वस्त असते हेही कळलं. विमान, खोली, विमा, मफलर (टेक्सासात जूनमध्ये लाखनीसारखंच ऊन असतं हे नंतर समजलं) आणि तळाशी रीतसर आकस्मिक खर्च पाच टक्के. बेरीज पाहून मी चष्मा पुसला आणि पुन्हा केली. तेवढीच आली.

माझ्या वाट्याची रक्कम घराच्या स्लॅबसाठी ठेवलेली होती. रुखमाने ती बेरीज पाहिली, मग वर गळक्या स्लॅबकडे पाहिलं. मला कधी शेगाव दाखवलं नाही आणि निघाले अमेरिकेला, तेही धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या दिवसांत, असं ती पुष्कळ बोलली. मी तिला गुलाबच्या डोळ्यांचं सांगितलं. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी कागद उघडला तर आकस्मिक खर्चाच्या खाली तिच्या अक्षरात एक ओळ होती: जवसाची चटणी, अर्धा किलो. नगाच्या रकान्यात काही नव्हतं, दराच्या रकान्यातही नव्हतं.

बातमी गल्लीत गेली आणि सल्ले सुरू झाले. यातला मुख्य सल्लागार विनोद. गुलाबच्या घराला त्याची भिंत लागून आहे आणि हायवेवर त्याचं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे अमेरिका आपल्या अखत्यारीत येते असं त्याला वाटतं. त्याने सांगितलं, व्हिसाच्या मुलाखतीला टाय लावा. दुसऱ्याने सांगितलं, टाय लावू नका, पळून जाणारे लावतात. एक जण म्हणाला, तिकडे फुटबॉलला दुसरंच काहीतरी म्हणतात, त्यामुळे तुम्ही चुकीच्या मैदानात जाऊन बसाल. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. डोळ्यांचं तिथे बोलायचं नाही, फुकट इलाजाला आले असं समजतील. मी गुलाबला तशी ताकीद दिली. तो म्हणाला, “विचारलंच तं खोटं बोलू काय?” मी म्हणालो, खोटं नाही, फक्त अंदाज.

पासपोर्टपासूनच अडचणी आल्या. आम्हा दोघांची जन्मतारीख एकच, एक जुलै. आमच्या वर्गात एकतीस जण एक जुलैला जन्मले, कारण नाव घालताना मास्तरांना तेवढीच तारीख सोयीची होती. हे खिडकीवरच्या मुलीला समजावताना माझा घसा सुकला. तिने आम्हाला जुळे समजून आडनावं वेगळी का, असं विचारलं. मग घरी पोलीस चौकशी आली. शिपायाने कारण विचारलं. मी सांगितलं, फुटबॉल. त्याने मला वरपासून खालपर्यंत, विशेषतः मधल्या भागात, पाहिलं आणि विचारलं, “खेळायले?” मी त्याला चहा पाजला, पण बिस्किटं दिली नाहीत.

पुढे सातबारा. गावाकडे आपली जमीन आहे आणि आपण परत येणार, हे व्हिसावाल्यांना पटवायला सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर पाहिजे, असं विनोदने बजावलं. भंडाऱ्यात एका टायपिंगवाल्याने ते करून दिलं. माझ्या शेतात भावासोबत सामाईक अशी एक बोडी आहे, म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं. त्याने बोडी हा शब्द इंग्रजी अक्षरांत जसाच्या तसा, ‘body’ असा ठेवला. परिणामी माझ्या शेतात एक मुडदा असून तो आम्हा दोघा भावांच्या समान मालकीचा आहे, असा नोटरीचा शिक्का मारलेला कागद तयार झाला. विनोदने वेळेवर वाचला म्हणून बरं. पुन्हा टायपिंग, पुन्हा नोटरी. आकस्मिक खर्चाचे पाच टक्के इथेच संपले.

आणि मग व्हिसाचा अर्ज आला. विनोदच्या दुकानात, काचेच्या काउंटरवर कोपरं टेकून आम्ही बसलो. विनोद प्रश्न वाचायचा, मी उत्तर सांगायचो, तो भरायचा. प्रश्न आला, अमेरिकेत किती दिवस राहणार? गुलाब लगेच म्हणाला, सहा. जायचे-यायचे धरून सहाच लागतात, अंदाजपत्रकातही सहाच होते.

मी हसलो. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटणाऱ्या माणसाला मंजुरी कशी मिळते हे कुठून कळणार? मी हिशेब मांडला. कागद पहिल्यांदा आपल्याकडचा कारकून पाहणार, तो निम्मे काटणार. मग त्याचा साहेब. मग गोरा साहेब. शेवटी तिथल्या विमानतळावरचा. चार टेबलं. सहाचे बारा, बाराचे चोवीस, चोवीसचे अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीसचे शहाण्णव. शहाण्णव दिवस दिसायला बरं दिसत नाही म्हणून मी स्वतःच सहा काटले.

“नव्वद लिही,” मी विनोदला म्हणालो. “दोघांचेही.”

विनोदने मान वर केली. “काकाजी, तिथं काटत नाई. हो म्हणते नाई तं नाई म्हणते.”

तू मोबाईल विकतोस, आम्ही शासन चालवलं आहे, असं मी त्याला सुनावलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यामुळे जरा मोठ्याने सुनावलं. त्याने नव्वद भरलं. गुलाब मला नेहमी काटत आला होता, त्या दिवशी मात्र त्याने विश्वास ठेवला.

मुंबईला गेलो. वकिलातीत आम्हाला शेजारशेजारच्या खिडक्या मिळाल्या, मी आधी पोचलो. काचेपलीकडे एक तरुण गोरा अधिकारी, बाजूला मराठी बोलणाऱ्या एक बाई. वर्ल्ड कप म्हटल्यावर तो हसलासुद्धा. मग त्याने पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, एका मॅचसाठी नव्वद दिवस?

मी नम्रपणे म्हणालो, आपण म्हणाल तेवढे.

तुम्हाला किती पाहिजेत?

सहा.

मग नव्वद का लिहिले?

“आपण काटाल म्हणून,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पुण्याकडच्या असाव्यात, पण महाराष्ट्रातल्या होत्या. त्यांना सगळं समजलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्यांनी त्याचं भाषांतर केलं. बराच वेळ केलं. त्या माझी बाजू मांडत होत्या असं मला अजून वाटतं. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं, माझा पासपोर्ट आणि एक छापील कागद खिडकीखालून सरकवला आणि माझ्या मागच्या माणसाला बोलावलं. मुडद्याशिवायचा सातबारा मी पिशवीतून काढलाही नव्हता.

बाहेर फुटपाथवर उभा राहिलो. वीस मिनिटांनी गुलाब आला, रिकाम्या हाताने. मला भडभडून आलं. माझा पासपोर्ट निदान परत तरी दिला होता, याचा त्यांनी ठेवूनच घेतला. मी त्याला धीर दिला, म्हणालो, आपण अर्ज करू, वरपर्यंत जाऊ, असा कसा ठेवतात. शेवटी विनोदला फोन लावला. त्याने सांगितलं, ज्याचा ठेवून घेतात त्याला व्हिसा मिळालेला असतो. शिक्का मारायला ठेवतात.

गुलाबला मी विचारलं, तू काय सांगितलंस. तो म्हणाला, विचारलं ते सांगितलं. सहा दिवस. एक मॅच, गोलच्या मागून. डोळे चालले आहेत, म्हणून यंदाच. परत येऊन धानाची रोवणी आहे. मग अर्जात नव्वद कसे, असं त्यांनी विचारलंच होतं. “मी म्हटलं, ते माह्या दोस्तानं लिहिलं. तो मनानं चांगला हाय, त्याले सवय हाय.”

परतीच्या गाडीत वर्ध्याच्या पुढे त्याने खिडकीतून नजर न काढता एक वाक्य म्हटलं. त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

“कैलाश, तू काटले ना, तेच सहा दिवस आपले होते.”

तू एकटा जा, असं मी त्याला महिनाभर सांगितलं. त्याची बायको वच्छला वहिनी रडून सांगत होती. तिचा पासपोर्टच नव्हता. मी पुन्हा अर्ज केला, त्याची तारीख वर्ल्ड कप संपल्यानंतरची मिळाली. गुलाबला तोवर पायरी नीट दिसत नव्हती, विमानतळावरच्या पाट्या वाचता आल्या नसत्या. पण तो हे कारण सांगायचा नाही. तो म्हणायचा, एकटा जाऊन मी कोणाशी बोलू. पासपोर्ट कुरिअरने आला तेव्हा पोस्टमनच्या सवयीने त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, पत्ता बरोबर आहे म्हणाला, आणि तो शिक्का असलेल्या पानावर अंगठा फिरवला. मॅचची तिकिटं आम्ही परत विकली.

मे महिन्यात त्याच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. दहा दिवसांनी उजव्या. नागपूरला ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. जून लागेपर्यंत त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष सांगितलं होतं, निघालं सात महिने. निम्म्याने काटलं, असं माझ्या मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

आमची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसहाला होती. रुखमा मला म्हणाली, जाऊन बसा त्याच्यापाशी, आणि डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी घालून दिली. अर्धा किलोच असेल. ती तिने एप्रिलमध्येच करून ठेवली होती.

गुलाब आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. त्याने माझ्या हाताला धरून खुर्ची उचलायला लावली आणि टीव्हीच्या मागे, भिंतीला लागून ठेवायला सांगितली. मला वाटलं त्याची दिशा चुकली.

“दिसत तं नाईच,” तो म्हणाला. “मंग ठरल्या जागी बसतो. गोलच्या मागं.”

तो तिथे बसला, माझ्याकडे तोंड करून. मध्ये टीव्ही. मला एकाच वेळी मैदान दिसत होतं आणि त्याच्या वर गुलाबचा चेहरा. त्याने टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितला. ते लोक भराभर बोलतात, तू सांग, म्हणाला. मग म्हणाला, “आज काटणार नाई. तू जेवढं सांगशील तेवढं मंजूर.”

अशी मंजुरी मला सदतीस वर्षांच्या नोकरीत कोणी दिली नव्हती. मी सांगायला लागलो. गवत सांगितलं, कपड्यांचे रंग सांगितले, गोलकीपरच्या हातमोज्यांचा पिवळा रंग सांगितला. लोक किती, त्याने विचारलं. सत्तर हजार, मी म्हणालो. ते सत्तर हजारच होते.

विसाव्या की पंचविसाव्या मिनिटाला गोल झाला. लांबून मारलेला चेंडू हवेत वळला, गोलकीपर पूर्ण आडवा झाला, त्याच्या बोटांना लागून चेंडू खांबाच्या आत गेला. लगेच त्यांनी तो पुन्हा दाखवला आणि या वेळी मागून दाखवला. जाळीच्या मागून. गोलकीपरची पाठ, पसरलेले हात, त्याच्या दोन हातांच्या मधून मोठा होत येणारा चेंडू. गुलाबने बसमध्ये सांगितलं होतं अगदी तेच, दोन-तीन सेकंद. ते त्याला मैदानात बसून दिसलं असतं. तो माझ्यासमोर खुर्चीत पुढे वाकून, तोंड थोडं उघडं ठेवून थांबला होता.

हे मी त्याला कसं सांगू? सांगितलं तर तो आयुष्यभर ते न पाहता पाहत बसेल, आणि माझ्या नव्वद दिवसांमुळे. मी म्हणालो, “बाहेर गेला. थोडक्यात.”

त्याच वेळी भिंतीपलीकडे विनोदच्या घरात आरडाओरडा झाला. आमच्या नादाने त्या घरालाही फुटबॉल लागला होता. गुलाबने कान तिकडे केला. विनोद काहून ओरडला, त्याने विचारलं. मी म्हणालो, गाय सुटली असेल.

उत्तरार्धात दुसरा झाला, पहिल्याहून देखणा. विनोदच्या घरी पुन्हा आरडाओरडा. या वेळी गुलाबने विचारलं नाही. मी गोलकीपर चेंडू पायाने कसा मारतो ते सांगत राहिलो. आयुष्यभर जे नव्हतं ते वाढवून सांगितलं, आणि त्या सकाळी जे होतं ते सगळं मी काटत होतो.

मॅच संपली. किती झाले, त्याने विचारलं.

“शून्य-शून्य.”

“बरं झालं नाई गेलो,” गुलाब म्हणाला. “इतक्या दूर जाऊन शून्य पाहिलं असतं.”

मी हो म्हणालो. वच्छला वहिनीने चहा आणला, मी टीव्हीच्या कडेला सरकून डबा उघडला. भाकरीवर चटणी घालून त्याच्या हातात दिली. त्याने एक घास खाल्ला, सावकाश चावला, चटणी चांगली झाली असं रुखमाला सांगायला सांगितलं. टीव्हीवर आवाजाशिवाय तो पहिला गोल पुन्हा दाखवत होते.

“कैलाश,” तो म्हणाला, “विनोदनं गाय कवा घेतली?”

विनोदकडे गाय नाही. त्याच्याकडे एक स्कूटर आहे आणि ती दारात उभी असते. मी चहाचा कप खाली ठेवला. डोळे पुसले, त्याला दिसणार नव्हतं, तरी तोंड फिरवून पुसले.

गुलाबने हात पुढे करून टीव्हीची कड चाचपली, तिथून माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

“राहू दे,” तो म्हणाला. “मंजूर.”